नाकाचा डौल आणि श्वासाची वाट

मराठी भाषेने शरीराच्या अवयवांपैकी नाकास जो मान दिला आहे, तो दुसऱ्या अवयवाच्या वाट्यास क्वचितच आला असेल. घराण्याची अब्रू गेली म्हणजे नाक कापले जाते. अडल्या वेळी ते घासावे लागते. ज्यास दुसऱ्याचे काहीच पसंत पडत नाही तो ते मुरडतो. आणि तापट गृहस्थ त्यावर माशीही बसू देत नाही. नकटीच्या लग्नास सतराशे विघ्ने येतात, हे तर घरोघरच्या आजीबाई पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. या साऱ्या भाषाव्यवहारात नाक म्हणजे चेहऱ्याची शोभा आणि कुळाची प्रतिष्ठा, एवढाच अर्थ प्रामुख्याने दिसतो. नाकाच्या मूळ कर्तव्याची आठवण ठेवणारे वाक्प्रचार शोधू गेल्यास नाक दाबले की तोंड उघडते, किंवा मरणोन्मुख माणसाच्या नाकाशी सूत धरणे, असे एक-दोनच चटकन हाती लागतात.

भाषेतील हे प्रमाण आपल्या व्यवहारातही जसेच्या तसे उतरलेले आहे. मुलगी दाखवावयाची असली की तिचे नाक चाफेकळीसारखे आहे की बसके आहे, याची चर्चा माजघरात होते. परंतु तीच मुलगी रात्रभर तोंड उघडे टाकून झोपते व सकाळी कोरड्या घशाने उठते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मुलगा खेळताना नाकावर पडला तर रक्त थांबताच प्रकरण मिटले असे समजले जाते. आणि आता नाकाचा आकार शस्त्रक्रियेने बदलून घेण्याची सोय आपल्या मोठ्या शहरांतून सहज उपलब्ध असल्यामुळे, पुष्कळ सुशिक्षित घरांत तोही एक विचारार्थ प्रश्न होऊन बसला आहे. अशा वेळी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते. ज्या कूर्चांमुळे नाकास डौल येतो, त्याच कूर्चा श्वासाची वाट उघडी धरतात. डौलाचे व श्वासाचे खाते एकच आहे; एकाच्या नावे खर्च टाकला की तो दुसऱ्याच्याही शिलकेतून वजा होतो.

भिंत, आढे आणि छप्पर

वाचकांनी एक छोटासा प्रयोग येथेच करून पाहावा. दोन्ही भुवयांच्या मध्यावर बोट ठेवून ते नाकाच्या दांडीवरून हळूहळू खाली आणावे. आरंभी बोटास कठीण हाड लागते; थोड्याच अंतरावर ते संपते व दाबले असता किंचित लवणारा भाग सुरू होतो. नाकाचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा व उरलेला दोन तृतीयांश भाग कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे हाडाहून मऊ परंतु मांसाहून ताठ असा पदार्थ. कानाचा वरचा भाग दुमडून सोडून दिला म्हणजे तो पुन्हा होता तसा उभा राहतो, हाच कूर्चेचा स्वभाव. वाकावे, परंतु आपला आकार विसरू नये, हा गुण तिच्या अंगी आहे.

नाकाची रचना समजण्यास कोकणातील उतरत्या छपराच्या घराचा दाखला सोयीचा आहे. घराच्या मधोमध एक उभी भिंत असते; तसा नाकाच्या मधोमध पडदा असतो. या पडद्याचा पुढचा भाग एका चौकोनी कूर्चेचा व मागचा भाग पातळ हाडांचा बनलेला आहे. भिंतीच्या माथ्यावर जसे आढे व त्यापासून दोहों बाजूंस उतरणारी पाखी, तशा चौकोनी कूर्चेच्या वरच्या कडेपासून डावीउजवीकडे दोन कूर्चा उतरत गेलेल्या असतात. त्या पडद्यावर नुसत्या टेकलेल्या नसून त्याच्याशी एकजीव झालेल्या असतात, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळून येईल. याखाली, शेंड्याशी, आणखी दोन कूर्चा असून त्यांतील प्रत्येक कमानीप्रमाणे वळलेली असते. नाकाचा शेंडा उचललेला राहतो व नाकपुडीचे तोंड उघडे राहते ते या दोन कमानींच्या आधारावर. वय होत गेले म्हणजे हे आधार सैल पडतात व शेंडा खाली उतरतो. नाक चोंदल्याची तक्रार करणाऱ्या एखाद्या वृद्धाने बोटाने शेंडा किंचित वर उचलताच त्यास मोकळे वाटते, याचे कारण हेच.

नाकपुडीच्या बाहेरील मांसल पाळीच्या काठाशी मात्र कूर्चा जवळजवळ नसतेच. नथीचे किंवा चमकीचे भोक पाडावयाचे ते या मऊ पाळीतच पाडावे. हौसेखातर ते वर, कूर्चेतून पाडल्यास आणि तेथे पू झाल्यास कूर्चा झिजून नाकाचा आकार कायमचा बिघडण्याचे भय असते. टोचण्याचे साधन निर्जंतुक असावे, हे वेगळे सांगावयास नको.

अरुंद दार

प्रौढ मनुष्य स्वस्थ बसलेला असता दर मिनिटास सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाकाठी हा हिशेब ८००० लिटरांवर जातो. या हवेस ऊब देणे, ओलावा देणे आणि तिच्यातील धूळ अडविणे ही कामे नाकाची आहेत. त्यासाठी वाट थोडी अडचणीचीच हवी; मोकळ्या नळातून हवा सरळ निघून गेली तर ती ऊन व ओली कशी व्हावी? म्हणून श्वासमार्गात हवेस जो एकंदर विरोध होतो, त्यापैकी सुमारे निम्मा एकट्या नाकात होतो.

या वाटेतील सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडापासून सुमारे सव्वा सेंटीमीटर आत आहे. वर सांगितलेल्या उतरत्या कूर्चेची खालची कड आणि मधला पडदा यांच्यामध्ये तेथे एक चिंचोळी फट असते. शास्त्रज्ञ तिला नाकाची झडप म्हणतात. निमुळत्या, उभट नाकांत या फटीचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. रुंद नाकांत तो अधिक असतो. म्हणजे ज्या सरळ व बारीक नाकाची आपण एवढी वाखाणणी करतो, त्यातील वाट मुळातच तंग असते.

अशा तंग जागी थोडासा फरकही केवढा मोठा ठरतो, हे पाहण्यासारखे आहे. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा एक नियम प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी सिद्ध केला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तितक्याच दाबाने वाहणारा प्रवाह निम्मा न राहता सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्रिज्या केवळ दशांशाने घटली तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. नाक ही काही गुळगुळीत गोल नळी नव्हे, त्यामुळे हे गणित तेथे अक्षरशः लागू पडत नाही. तथापि त्यातील बोध तोच आहे. बाहेरून पाहणारास जो फेरफार केसाएवढा दिसतो, तो आतल्या झडपेवर श्वास कोंडण्यास पुरेसा होऊ शकतो.

दुसरी गोष्ट भिंतीच्या ताठपणाची. अरुंद जागेतून हवा जाऊ लागली की तिचा वेग वाढतो आणि बाजूंवरील तिचा दाब घटतो. ओल्या झालेल्या कागदी नळीने सरबत जोराने ओढू लागल्यास नळीच्या बाजू एकमेकींस चिकटतात आणि पेल्यातील सरबत पेल्यातच राहते. पपईच्या पानाच्या देठाची नळी मात्र तशी चिकटत नाही. नाकाच्या बाजूंस हा ताठपणा कूर्चांमुळे येतो. त्या दुबळ्या असल्या किंवा कापून दुबळ्या केल्या गेल्या, तर मनुष्य जितका जोराने श्वास घेऊ पाहील तितकी नाकपुडी अधिक मिटते.

याची परीक्षा आरशासमोर उभे राहून कोणासही करता येते. तोंड मिटून नाकाने जोराचा श्वास घ्यावा व नाकाच्या बाजू आत ओढल्या जातात काय ते पाहावे. नंतर नाकपुडीलगत गालावर बोट ठेवून गाल हळूच बाहेरच्या बाजूस ओढावा. असे करताच त्या बाजूचा श्वास एकदम खुला झाल्यास अडचण बहुधा या झडपेपाशी आहे असे समजावे. शिकागोचे नासातज्ज्ञ मॉरिस कॉटल यांच्या नावाने ही परीक्षा प्रसिद्ध आहे. परंतु कित्येक निरोगी माणसांसही तिने मोकळे वाटते; तेव्हा तिचा कौल हा अखेरचा निकाल नव्हे, तज्ज्ञाकडे जाण्याची केवळ सूचना होय.

श्वासाची जाणीव

नाक चोंदले म्हणजे कूर्चाच वाकडी असली पाहिजे, असा समज करून घेण्याचे मात्र कारण नाही. नाकाच्या बाहेरील बाजूच्या भिंतीवर आतून शिंपल्यांसारख्या वळलेल्या हाडांच्या वळ्या असतात. त्यांस शुक्तिका म्हणतात. त्यांवरील त्वचेत रक्त भरले की त्या फुगतात, ओसरले की आक्रसतात. बहुतेक निरोगी माणसांत हे फुगणे व आक्रसणे दर काही तासांनी डावीउजवीकडे आळीपाळीने चालू असते. १८९५ साली कायझर या जर्मन वैद्याने याचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्याकडे योगाभ्यासी मंडळींनी चंद्रनाडी व सूर्यनाडी अशी नावे देऊन स्वर बदलतो हे फार पूर्वीच हेरून ठेवले होते. सकाळी प्राणायामास बसले असता एक नाकपुडी जड वाटली म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. सदासर्वकाळ एकच बाजू बंद राहत असेल, तर मात्र ती दाखविली पाहिजे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, आपणांस श्वास मोकळा वाटतो तो आत गेलेल्या हवेच्या मापाने वाटत नाही. आतल्या त्वचेस जो गारवा लागतो त्याने वाटतो. पुदिन्याचा अर्क किंवा मेंथॉलचे मलम हुंगले की नाक उघडल्यासारखे वाटते. वस्तुतः वाट होती तेवढीच राहते, गारव्याचे मज्जातंतू तेवढे जागे होतात. नाकात घालावयाच्या औषधी थेंबांची गोष्ट निराळी. त्यांतील कित्येक थेंब शुक्तिका खरोखरच आक्रसून टाकतात. परंतु ते पाच-सहा दिवसांहून अधिक घातल्यास उलट परिणाम होऊन नाक अधिकच चोंदू लागते, आणि थेंबांवाचून झोप येऊ नये अशी सवय जडते. लहान मुले तोंडाने श्वास घेत असतील तर घशाच्या वर, नाकाच्या मागे असलेल्या ग्रंथींची वाढ किंवा धुळीची व परागांची बाधा हे कारण पुष्कळदा आढळते. तात्पर्य, कारण ठरल्यावाचून उपाय ठरवू नये, मग तो थेंबांचा असो की शस्त्राचा.

पुण्याचा कुंभार

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या भूमीशी फार निकट जोडलेला आहे, आणि आमच्या विषयाचे मर्मही त्यात आले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, तुटलेले नाक जोडण्याची रीत सांगितली आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून उचलावी, नाकाची जागा खरवडून तीवर ती बसवावी, अशी ती रीत. मात्र ती सांगताना नव्या नाकात दोन नळ्या घालून ते उचलून धरावे असेही संहिताकार बजावतो. केवळ रूप परत आणावयाचे असते तर नळ्यांचे प्रयोजन काय होते? श्वासाची वाट मिटता कामा नये, हे त्या काळच्या शस्त्रवैद्यास पूर्णपणे ठाऊक होते.

दुसरी कथा पेशवाईतील आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे नोंदले आहे. वर्षाहून अधिक काळ बिननाकाने काढल्यावर पुण्याजवळच्या एका कुंभाराने, म्हणजे इंग्रजी वर्णनानुसार विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने, त्यास नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर पसरावयाचा. तेवढी त्वचा कापून, दोन भुवयांच्या मध्ये मात्र एक पट्टी जोडलेली ठेवून, ती अर्धवट पिरगाळीत खाली आणावयाची व खुंटाभोवती केलेल्या खाचेत बसवावयाची. पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी ती सांधली जाई. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापीत. आणि दहाव्या दिवशी काय करीत? नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. सुश्रुताच्या नळ्या व या कुंभाराचे बोळे यांमागची दृष्टी एकच आहे.

ही हकीकत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीन या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात छापून आली. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढणारा चित्रकार जेम्स वेल्स याने काढलेले त्या मनुष्याचे चित्रही तीबरोबर होते. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने वीस वर्षांनी, १८१४ साली, ही क्रिया स्वतः केली आणि १८१६ साली आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपात नाकाच्या पुनर्घटनेची जी नवी परंपरा सुरू झाली तिचा उगम असा मुळामुठेच्या काठी आहे, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु अभिमानाबरोबर त्या क्रियेची मर्यादाही पाहिली पाहिजे. कपाळाची त्वचा खाली आणली म्हणजे नाकास आवरण मिळाले. आतील अस्तर व मधला सांगाडा मात्र मिळाला नाही. अस्तराशिवाय शिवलेला कोट धुतला की आटतो, तद्वत् असे नाक कालांतराने आतून आटते व नाकपुड्या बारीक होतात. इंदूरच्या रेसिडेन्सीतील शस्त्रवैद्य कीगन यांनी अशा पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या व १९०० साली त्यांवर पुस्तक लिहिले. नाकाच्या खुंटावरची त्वचाच उलटी वळवून आतून अस्तर द्यावे, म्हणजे नाकपुड्या आक्रसत नाहीत, ही त्यांची रीत. पुढे विसाव्या शतकात फासळीची, कानाची किंवा पडद्याची कूर्चा काढून तिचा सांगाडा घालणे रूढ झाले. आवरण, सांगाडा आणि अस्तर ही तिन्ही मिळाली म्हणजेच नाक नाकासारखे दिसते आणि नाकाचे काम करते, हा धडा शस्त्रवैद्य असा हळूहळू शिकले.

कापण्याचा मोह

गेलेले नाक परत देण्याची विद्या हजारो वर्षांची. असलेले नाक सुंदर करण्याची विद्या त्या मानाने कालची. अमेरिकेतील जॉन रो याने १८८७ साली नाकाच्या आतून छेद घेऊन शेंडा लहान केला. बर्लिनच्या जॅक जोसेफ याने १८९८ साली मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळणे नकोसे झालेल्या एका गृहस्थाचे नाक कमी केल्याचे आपल्या समव्यवसायी मंडळींपुढे मांडले. तेथून पुढे कित्येक दशके कुबड तासणे व कूर्चा छाटणे यांतच या कलेचे कौशल्य मानले जात असे.

आता मघाच्या घराकडे वळावे. दांडीवरील कुबड तासले म्हणजे आढेच काढले. ज्या दोन कूर्चा पडद्याशी एकजीव होत्या, त्या सुट्या झाल्या. त्या पुन्हा नीट सांधल्या नाहीत तर दोहों बाजूंची पाखी आत कलतात, नाकाचा मधला भाग चिमटल्यासारखा दिसू लागतो, आणि झडपेची फट, जी आधीच १०-१५ अंशांची, ती मिटत जाते. शेंडा नाजूक करण्यासाठी खालच्या कमानी फार छाटल्या तर नाकपुडी ओल्या कागदी नळीप्रमाणे वागू लागते. यातील दुःखाची गोष्ट ही की, जखमेचे व्रण महिनोन्‌महिने, किंबहुना वर्षानुवर्षे आक्रसत राहत असल्यामुळे, लग्नाच्या छायाचित्रात सुंदर दिसलेले नाक पुढे संसारात श्वासास अडवू लागते. जॅक शीन या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९८४ साली यावर उपाय प्रसिद्ध केला. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेची बारीक पट्टी पाचरीसारखी घालून फट पुन्हा उघडावयाची, असा तो उपाय. आज जाणते शस्त्रवैद्य कापण्याच्या आधीच आधार देण्याचा विचार करतात, तो अशा अनुभवांतून.

पडद्याच्या शस्त्रक्रियेची कथाही अशीच आहे. शिकागोच्या फ्रीअरने १९०२ साली व फ्रायबुर्गच्या किलियनने १९०४ साली वाकडा पडदा आतल्या त्वचेस न दुखविता काढण्याची रीत सांगितली. परंतु वरची व पुढची मिळून काटकोनी अशी सुमारे एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी तरी शाबूत ठेवणे भाग असते. तीही गेली तर भिंत ढासळून नाकाची दांडी खोगिरासारखी खचते. म्हणून आजची प्रवृत्ती पडदा काढून टाकण्याची नसून, शक्य तितका राखून सरळ करण्याची आहे. शुक्तिकांचेही तसेच. त्या अति कापल्या तर वाट ऐसपैस होते, परंतु हवेचा स्पर्श व गारवा न उरल्यामुळे कित्येक रुग्णांस उघड्या नाकानेही गुदमरल्यासारखे होते.

मुलाच्या नाकास मार लागला तर

शस्त्रक्रियेचा प्रश्न काही थोड्या घरांत येईल. मुलाच्या नाकास मार लागण्याचा प्रसंग मात्र कोणत्याही घरात आज संध्याकाळीही येऊ शकतो. म्हणून हा परिच्छेद आमच्या वाचकभगिनींनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दोहों बाजूंनी जी पातळ त्वचा चिकटलेली असते, तिच्यातून पाझरणाऱ्या पोषणावर ती जगते. चेंडूचा, झोपाळ्याचा किंवा पडण्याचा मार लागून या त्वचेखाली रक्त साकळले, तर त्वचा कूर्चेपासून सुटते आणि कूर्चेचे अन्न तुटते. अशा स्थितीत ती तीन-चार दिवसांत मरू लागते. त्यात पू झाल्यास नाश आणखी लवकर होतो. बाहेरून नाक साधारण दिसत असते, रक्तही थांबलेले असते, आणि घरातील वडील मंडळी हळदीचा लेप लावून निश्चिंत असतात. पुढे दांडी खचते, आणि वाढत्या वयाच्या मुलात नाकाची व चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढही खुंटू शकते.

तेव्हा मार लागल्यावर मुलास पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे न सोडता दाबावा, बाहेरून गार पट्टी ठेवावी. डोके मागे टाकू नये. आणि नंतर एक गोष्ट अवश्य पाहावी: मूल नाकाने श्वास घेऊ शकते काय? मारानंतर एक किंवा दोन्ही बाजू चोंदत गेल्या, दुखणे वाढत चालले, ताप आला, किंवा विजेरीच्या उजेडात मधल्या पडद्यावर तांबूस-निळसर मऊ फुगवटा दिसला, तर रात्र असो की सणाचा दिवस, त्याच घटकेस नाक-कान-घशाच्या वैद्याकडे जावे. फुगवट्यातील रक्त वेळेवर काढून टाकणे ही छोटीशी क्रिया आहे. ती वेळेवर झाली तर कूर्चा वाचते. आरंभी काही दिसले नाही तरी दोन-तीन दिवसांनी नाक पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेचा विचार करताना

नाकाचे रूप बदलून घेण्याची इच्छा ही टाकाऊ किंवा हसण्यासारखी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अपघाताने वाकलेले, जन्मतः व्यंग असलेले, किंवा मनास सतत टोचणारे नाक सुधारून घेऊन कित्येकांचे आयुष्य सुखाचे झाले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हा निर्णय स्थळ पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या तोंडाकडे पाहून होऊ नये. नाक ज्याचे आहे, श्वास ज्यास जन्मभर घ्यावयाचा आहे, त्याची स्वतःची इच्छा व समजूत हीच येथे प्रमाण असावी. मुलीस नाक लहान करवून घेण्याचा आग्रह करणाऱ्या वडील मंडळींनी, तिच्या श्वासाचा वाटा आपण कोणास देऊन टाकीत आहोत, हा प्रश्न स्वतःस एकदा विचारावा.

घाईही करू नये. नाकाची वाढ मुलींत साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी व मुलांत सतराव्या-अठराव्या वर्षी पूर्ण होत येते. केवळ रूपासाठी करावयाची शस्त्रक्रिया त्यापूर्वी करीत नाहीत. हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेल्या छायाचित्रात नाक असते त्याहून मोठे दिसते, हेही लक्षात ठेवावे. त्या चित्रावरून आपल्या नाकाची परीक्षा करणे म्हणजे बहिर्गोल आरशात पाहून कपडे बेतण्यासारखे आहे.

शस्त्रवैद्याकडे गेल्यावर काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. माझा श्वास आज कसा आहे, हे आपण दुर्बिणीने व झडपेची परीक्षा करून पाहिले काय? आपण किती कापणार आणि त्याच्या जागी आधार काय देणार? कूर्चा लागल्यास ती पडद्यातून घेणार, कानातून की फासळीतून? पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली तर काय? कारण दुसऱ्या वेळी पडद्यातील कूर्चा बहुधा खर्ची पडलेली असते व व्रणांमुळे काम अवघड होते. पहिली वेळ हीच खरी संधी. सूज पूर्णपणे उतरून अखेरचा आकार दिसण्यास वर्षभर लागू शकते, याचीही तयारी हवी. जो तज्ज्ञ या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतो व प्रसंगी शस्त्रक्रिया नको असेही सांगतो, त्याच्यावर विश्वास टाकावा; जो केवळ आधीची व नंतरची चित्रे दाखवितो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचा सल्ला घ्यावा.

चेहऱ्याची शोभा पाहुणे घटकाभर पाहतात. श्वास दिवसास हजारो वेळा आपला आपणच घ्यावयाचा असतो, आणि त्याची वाट केसाएवढ्या फटीतून जाते. सुश्रुताने नळ्या घातल्या आणि पुण्याच्या त्या कुंभाराने कापडाचे बोळे घातले, ते याच जाणिवेने. रूप देणाऱ्या हातास वाट राखण्याचे भान त्यांच्या काळी होते. ते आपल्या घरांतूनही असावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.